धाकटीचा एकटीचा फोटो

मी एक जुना रबरी फुगा आहे. पण मित्रांनो, वाढदिवसाला दारावर लटकणारा आणि दुसऱ्या दिवशी सुरकुतून जाणारा फुगा तो मी नव्हे. त्याच्याशी माझे नावापुरतेच नाते. मी जाड, काळ्या रबराचा आहे, मोठ्या लिंबाएवढा. माझ्या एका टोकाला बारीक आणि खूप लांब नळी आहे, आणि नळीच्या शेवटी पितळेचे छोटे तोंड. ते तोंड कॅमेऱ्याच्या बटणावर फिरवून बसवायचे, मला मुठीत धरायचे आणि दाबायचे. माझ्या पोटातली हवा नळीतून धावत जाते, पितळेच्या तोंडातली काडी खाली सरकते, बटण दाबले जाते आणि 'खट्' असा आवाज होतो. फोटो निघाला! कॅमेरा खोलीच्या त्या टोकाला आणि दाबणारा या टोकाला असला तरी काही बिघडत नाही. ही माझी सारी विद्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे रबराचा इतका उग्र वास असे की नवी माणसे नाकाला रुमाल लावून येत. माझ्याबरोबर साच्यातून माझी पुष्कळ भावंडे बाहेर पडली. आमची परीक्षा घ्यायला एक बाई बसत. त्या प्रत्येकाला उचलून गालाशी नेत आणि दाबत. गालावर वारा नीट लागला तर पास, नाही तर पुन्हा वितळवायच्या पिंपात. माझी पाळी आली तेव्हा भीतीने माझे पोट कडक झाले होते. बाईंनी मला दाबले आणि त्यांच्या कानावरची बट उडाली. "हा दमाचा आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या. मित्रांनो, ती माझी पहिली शाबासकी. ती मी अजून विसरलेलो नाही.

पुढे मी एका तरुण फोटोग्राफरच्या हाती आलो. आज सगळे त्यांना आजोबा म्हणतात, म्हणून मीही आजोबाच म्हणेन. त्यांनी नुकताच स्टुडिओ थाटला होता. स्टुडिओ म्हणजे काय, रस्त्याकडेची एक खोली. राखाडी रंगाचा पडदा, पाठ नसलेली लाकडी खुर्ची, दोन मोठे दिवे, आणि दाराशी आरसा. आरशाला दोरीने कंगवा बांधलेला, कारण कंगवे फार चोरीला जात. त्या खुर्चीवर बसले की भल्याभल्यांची बोबडी वळे. खांदे कानापर्यंत चढत, डोळे बटाट्याएवढे होत. मग आजोबा कॅमेऱ्यापासून दूर येऊन गप्पा मारू लागत. "काय मग, घरचे कसे आहेत सगळे?" मी त्यांच्या मागे धरलेल्या मुठीत असे. समोरचा माणूस उत्तर देता देता सैल पडला की आजोबा हळूच मूठ आवळत. खट्!

"अहो, पण फोटो कधी काढणार?" माणूस विचारी.

"काढला की!" आजोबा मूठ उघडून मला दाखवत. लोक तोंडात बोटे घालत, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

किती नवरदेव, किती तान्ही बाळे, किती पहिल्या नोकरीवाले मी टिपले! पण दिवस सारखे राहत नाहीत. आजोबा थकले आणि स्टुडिओ त्यांच्या मुलीच्या हाती आला. तिने नवे कॅमेरे आणले. त्यांना रोल लागत नसे आणि मीही लागत नसे. काही दिवस तिने मला भिंगावरची धूळ उडवायला वापरले. मग धूळ पुसायचे मऊ कापड मिळाले आणि मी खणात गेलो. त्या खणात संपलेले सेल होते, बोथट कात्री होती, कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या. सगळेच कधीतरी उपयोगी पडू म्हणून ठेवलेले. मित्रांनो, रबराला एक दुखणे असते. त्याला कोणी हात लावला नाही की ते कडक होते. मीही आतल्या आत कडक होत गेलो, आणि एक दिवस माझ्या पोटाला बारीक चीर पडली.

खणातून फटीएवढेच दिसत असले तरी ऐकू सगळे येई. त्या मुलीला, म्हणजे आता आईला, जुळ्या मुली झाल्याचे मी तिथेच ऐकले. एक थोरली, एक धाकटी. दोघींत अंतर किती, तर डॉक्टरांनी एकीला दुपट्यात गुंडाळून दुसरीकडे वळावे एवढेच. पण थोरली ती थोरलीच! दोघींचे नाक, डोळे, केसांतला भोवरासुद्धा एकाच जागी. त्यांचे बाबा कारखान्यात पाळीवर जात. ते घरी आले की दारातूनच विचारत, "यातली कोण कोणती?" आजोबांनी तर ओळखायचा नादच सोडला होता. ते नुसतेच "अगं ए!" म्हणून हाक मारत. जी आधी ओ देई ती थोरली, असा त्यांचा हिशेब.

फोटोग्राफरचे घर, मग फोटोंना काय तोटा! भिंतभर दोघींचे फोटो होते. टोपडे घातलेल्या दोघी, दात पडलेल्या दोघी, एका छत्रीतल्या दोघी. गिऱ्हाइके तासन्‌तास बघत राहत. एकदा सुटीच्या दिवशी धाकटी जुना अल्बम चाळत स्टुडिओत बसली होती. अचानक ती ओरडली, "आई, बघ! हा माझा एकटीचा!"

आईने फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. "अगं, ही थोरली आहे," ती सहज म्हणाली. "तू तेव्हा आत झोपली होतीस."

"मग माझा एकटीचा कुठला?"

आईने अल्बमची दोन-चार पाने उलटली. मग आणखी उलटली. "असेल गं कुठेतरी," ती म्हणाली. तेवढ्यात गिऱ्हाईक आले आणि ती उठली. खणाच्या फटीतून मला धाकटीचा चेहरा दिसत होता. ती रडली नाही. पण तिने अल्बम फार हळू मिटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत चित्रकलेच्या बाईंनी मुलांना एक काम दिले. "आत्मछायाचित्र," असे बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग खिदळला. बाईही हसल्या. मग त्यांनी नियम सांगितले. स्वतःचा फोटो स्वतः काढायचा. हात लांब करून मोबाइलवर काढलेला चालणार नाही. कॅमेरा दूर ठेवायचा, आपण समोर बसायचे, पण बटण मात्र आपणच दाबायचे. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आणि खाली नाव लिहायचे नाही. नाव न वाचता बघणाऱ्याला कळले पाहिजे, की हा फोटो कोणाचा. वार्षिक प्रदर्शनात सगळे फोटो लागणार होते.

थोरलीने आईचा मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवला, टाइमर लावला आणि टेबलाशी बसून वाचतानाचा फोटो काढला. वेण्या नीट, पाठ ताठ. एका दमात काम फत्ते. धाकटीलाही ती म्हणाली, "तुला हवा तर माझाच एक जास्तीचा काढते. कुणाला कळणार आहे?"

तिच्या मनात काही वाईट नव्हते. पण धाकटीचे कान लाल झाले. ती तशीच आजोबांकडे गेली. "आजोबा, तुम्ही लांबून फोटो कसे काढायचात?"

आजोबांनी खण उघडला, आणि कितीतरी वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. त्यांनी मला सवयीने मुठीत घेतले आणि दाबले. मी जीव तोडून हवा ढकलली, पण ती नळीत जाण्याऐवजी पोटाच्या चिरेतून फुस्स करून निसटली. "गेला बिचारा," आजोबा म्हणाले. मित्रांनो, हा शब्द ऐकून मला काय वाटले असेल, ते तुम्हीच समजा.

"गेला कसा? पंक्चर झालाय फक्त," धाकटी म्हणाली आणि मला घेऊन थेट कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेली.

काकांनी मला उलटसुलट करून पाहिले. "हे कुठल्या सायकलचं?"

"कॅमेऱ्याचं."

"कॅमेऱ्याला चाकं कधी फुटली?" असे म्हणत त्यांनी मला पाण्याच्या घमेल्यात बुडवून दाबले. बुडबुडे आले तिथे खडूने खूण केली, कानशीने खरवडले, चिकट द्रव लावला आणि ट्यूबचा गोल तुकडा दाबून बसवला. खरवडताना दुखले, खोटे कशाला बोलू? पण पुन्हा पाण्यात घातले तेव्हा एकही बुडबुडा आला नाही. आता माझ्या पोटावर लालसर ठिगळ होते. दिसायला मी विद्रूप झालो होतो. शिवाय ठिगळामुळे जरा जास्तच कडक झालो होतो. पण दम पुन्हा आला होता!

आजोबांचा जुना रोलचा कॅमेरा कपाटातून निघाला. तो स्टँडवर चढला. आता नेम कसा धरायचा? खुर्चीवर बसणारी आणि कॅमेऱ्यातून बघणारी एकच. धाकटीने थोरलीला आणून खुर्चीवर बसवले, तिच्या नाकावर नेम धरला आणि "ऊठ आता," म्हणून तिला हाकलले. जुळी बहीण असण्याचा हा एक फायदा.

त्या दिवशी धाकटीने पुष्कळ फोटो काढले. मी दिसू नये म्हणून तिने मला टाचेखाली ठेवले होते. वरून ती गोड हसे, खालून टाच दाबे. खट्! केस मोकळे सोडून एक, बांधून एक, निळा फ्रॉक घालून एक. दुपारी आईने आतल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुवायला मदत केली आणि धाकटीने त्यातला सर्वांत छान फोटो निवडला. तो खरेच छान होता. डोळ्यांत चमक, ओठांवर मोजके हसू. कपाटावर लावावा असा.

दुसऱ्या दिवशी ती तो शाळेत घेऊन गेली. बाईंना दाखवायचे म्हणून मलाही दप्तरात घेतले होते, त्यामुळे पुढचे सगळे मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

बाईंनी फोटो पाहिला. थोरलीचा फोटो त्यांच्या टेबलावर आधीच होता. दोन्ही शेजारी ठेवून त्यांनी मान हलवली. "बाळ, हा तुझ्या बहिणीचा आहे ना? तुझा आण."

"नाही बाई, माझाच आहे."

"चुकून आला असेल. घरी बघ एकदा."

"बाई, खरंच माझा आहे. मीच काढलाय."

बाई रागावल्या नाहीत. म्हणूनच ते जास्त लागले असावे. त्या समजुतीने म्हणाल्या, "असेलही. पण मला ओळखू आली नाहीस, म्हणजे काम अजून अर्धंच झालंय. प्रदर्शनाला वेळ आहे. पुन्हा प्रयत्न कर."

बसमध्ये धाकटी खिडकीशी बसली. उतरताना तिने बसवाल्या काकांना विचारले, "काका, तुम्ही मला कशावरून ओळखता?"

"मी कुठं ओळखतो?" काका मोकळेपणाने म्हणाले. "दोघी चढल्या की दार लावतो. एकच आली तर दुसरीची वाट बघतो. कोण आली नि कोण राहिली, ते देव जाणे!"

घरी येऊन तिने सगळ्यांना तोच प्रश्न विचारला. बाबा डोके खाजवून म्हणाले, "आवाजावरून... बहुतेक." आजोबा म्हणाले, "जी उशिरा ओ देते ती तू." फोटोत आवाजही नसतो आणि ओही देता येत नाही. शेवटी ती थोरलीपुढे जाऊन उभी राहिली. "तू मला कशावरून ओळखतेस?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय? मी नाही ती तू."

"चेष्टा नको. नीट सांग."

थोरलीने हातातले पुस्तक खाली ठेवले आणि ती बहिणीकडे वळली. "तू काही मन लावून करायला लागलीस ना, की तुझी जीभ बाहेर येते. अशी, डाव्या कोपऱ्यातून. सुईत दोरा ओवताना, गणित करताना, माझ्या वेणीची गाठ सोडवताना. एक भुवई वर जाते. अगदी बघवत नाही."

"काहीतरीच!"

"तुला कसं दिसणार? तू तेव्हा कामात असतेस."

धाकटी आरशासमोर गेली. तिने जीभ कोपऱ्यातून काढून पाहिली, भुवई वर करून पाहिली. आरशात थोरलीच तिला वेडावून दाखवते आहे असे वाटले. मुद्दाम आणलेला चेहरा कुणाचाही होऊ शकतो, हे मी आजोबांच्या हातात राहून कधीच शिकलो होतो. ती मात्र ते त्या दिवशी शिकली.

रविवारी सकाळी ती पुन्हा खुर्चीवर बसली. घरचाच सदरा अंगात, केसांची शेपटी. आजोबांकडे आता शेवटचा एकच रोल उरला होता, तोही थोड्याच फोटोंचा. तिने बराच विचार केलेला दिसत होता, कारण मला टाचेखाली न लपवता तिने दोन्ही हातांत, छातीशी धरले. नळी तिच्या मांडीवरून सापासारखी कॅमेऱ्याकडे गेली होती. सगळे उघड. तिने जीभ बाहेर काढली, भुवई चढवली आणि मला दाबले. खट्! ती स्वतःच "शी!" म्हणाली. पुन्हा केले. पुन्हा "शी!" नाटक ते नाटकच. थोरली दारात उभी राहून हसू दाबत होती. अखेर रोलवर एकच फोटो उरला.

आणि नेमका तेव्हा मी अडलो. ठिगळाच्या कडेशी रबर आखडले होते. तिने दाबले, पण हवा पुरी पोहोचलीच नाही. तिने पुन्हा दाबले. काडी अर्धी खाली जाऊन थांबली. "अरे, दब ना!" ती मलाच म्हणाली. मित्रांनो, मी काय कमी धडपडत होतो? मला आठवत होते गालाशी धरणाऱ्या त्या बाईंचे बोल, आणि इथे माझी ही फजिती! धाकटीने मला फिरवून ठिगळ तळव्याकडे घेतले. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवली. आता ती कॅमेरा विसरली होती, फोटो विसरली होती, बाई आणि बहीण दोघींना विसरली होती. या हट्टी फुग्याला चेपायचे, एवढेच तिच्या मनात होते. तिने खांदे पुढे काढले, कोपरे फासळ्यांना टेकवली आणि सगळा जीव एकवटून मला दाबले. मीही होते नव्हते ते सारे नळीत लोटले.

खट्!

ती दचकली. "निघाला? की नाही निघाला?"

"निघाला!" थोरली दारातून किंचाळली. "अगं, निघाला! आणि तू..." पुढचे तिला हसण्यामुळे बोलता येईना.

त्या दुपारी आतल्या खोलीत आई आणि धाकटी दोघीच होत्या. मी धाकटीच्या गळ्यात होतो, नळीचे दोन वेढे घालून. लाल दिव्याखाली पाण्यासारख्या द्रवात कोरा कागद तरंगत होता. आई चिमट्याने तो हळूहळू हलवत होती. आधी केसांची शेपटी आली. मग दोन हात आले, पांढरी पडलेली बोटे आणि त्यांच्यामध्ये चेपलेला मी. आयुष्यभर मी फोटो काढत आलो, पण फोटोत आलो तो पहिल्यांदाच. मग चेहरा आला. एक भुवई पार कपाळावर गेलेली, दुसरी दबलेली, नाकाला आठी, आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर डोकावणारी जीभ. डोळे मात्र असे, की समोर डोंगर असता तरी बाजूला झाला असता.

आई हसायला लागली. हसता हसता तिने चिमटा खाली ठेवला आणि हाताच्या पाठीने डोळे टिपले. "पहिल्यांदा चमचा धरायला शिकलीस ना, तेव्हा अस्संच तोंड केलं होतंस," ती म्हणाली. "तेव्हा कॅमेरा हाताशी नव्हता माझ्या."

"आता आहे ना," धाकटी म्हणाली. "हा माझा आहे, आई. एकटीचा."

"हो गं राणी. तुझा एकटीचा."

चित्रकलेच्या बाईंनी तो फोटो हातात घेतला. त्यांनी वर पाहून धाकटीकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. धाकटी गळ्यातली माझी नळी बोटाला गुंडाळत होती. "गेल्या वेळी मी म्हणाले होते, ओळखू आली नाहीस," बाई म्हणाल्या. "आता माझ्याशी कुणी पैज लावली तरी मी चुकणार नाही. हा फुगा दे माझ्याकडे. प्रदर्शनात फोटोखाली ठेवायचाय."

प्रदर्शनाच्या दिवशी शाळेचे मोठे दालन माणसांनी भरून गेले. बाईंनी दोघी बहिणींचे फोटो मुद्दाम दाराशीच, शेजारी शेजारी लावले होते. एकीकडे वाचणारी थोरली, शांत आणि नीटस. दुसरीकडे मला पिळून काढणारी धाकटी. खाली नावे नाहीत. मी त्या फोटोखालच्या टेबलावर पांढऱ्या कापडावर बसलो होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना नीट पाहत होतो.

दोघी बहिणी बाजूला भिंतीशी उभ्या होत्या. धाकटीने थोरलीचा हात घट्ट धरला होता.

पहिल्यांदा वर्गातल्या मुली आल्या. त्या धाकटीच्या फोटोपुढे थबकल्या आणि एकदम खदखदल्या. धाकटीचे तोंड उतरले. पण त्यातली एक बोट दाखवून म्हणाली, "ही बघा आपली धाकटी! गणिताच्या तासाला अशीच बसते!" आणि सगळ्या एका सुरात "हो हो हो!" करू लागल्या. मग मुख्याध्यापिका आल्या. त्या दोघींना नेहमी "तुम्ही दोघी" म्हणत, म्हणजे चुकायची भीती नको. त्यांनी चष्मा वर सरकवला, फोटोवरून नजर उचलली, भिंतीकडे वळल्या आणि नेमक्या धाकटीपुढे जाऊन तिच्या पाठीवर थाप दिली. मग बाबा आले, कारखान्यातून थेट, हात पुसत. त्यांनी दारात काही विचारले नाही. "माझी धाकटी ती!" एवढेच म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्याने की सगळे दालन वळून बघू लागले.

बसवाले काकाही डोकावले. ते पहिल्या फोटोपुढून सरकले, दुसऱ्यापुढे थांबले आणि मोठ्याने हसले. "ही होय! दप्तराचा पट्टा दारात अडकतो तेव्हा ओढताना हेच तोंड करते! रोज बघतो की मी!" मग ते भिंतीशी गेले आणि म्हणाले, "धाकट्याबाई, उद्यापासून नावानं हाक मारणार तुम्हाला."

शेवटी आजोबा आले, काठी टेकत. त्यांना गर्दीतून वाट करून दिली गेली. त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून ते फोटोच्या अगदी जवळ गेले. इतके जवळ, की त्यांचा श्वास मला लागला. त्यांनी खूप वेळ पाहिले. त्यांनी आयुष्यभर हजारो चेहरे टिपले होते. त्यांना फोटोतले कळते, हे तिथे सगळ्यांना माहीत होते, म्हणून सगळे जवळ सरकले.

"लोकांना गप्पांत गुंतवून मी असा चेहरा पकडायचो," आजोबा म्हणाले. "हिनं स्वतःचाच पकडला. मला नाही कधी जमलं ते." आणि मग त्यांनी भिंतीकडे वळून, दोघी उभ्या असताना, "अगं ए" न म्हणता हाक मारली, "धाकटे!"

या वेळी थोरली गप्प राहिली. धाकटीने ओ दिली. ती अशी खणखणीत, की टेबलावर मी हादरलो.

बक्षीस कोणाला मिळाले, असे तुम्ही विचाराल. प्रदर्शनात बक्षीस नव्हतेच. पण त्या दिवसानंतर शाळेतली मुले आमच्या स्टुडिओत यायला लागली. "मला माझा फोटो मीच काढायचाय," असे म्हणत. कोणी चित्र काढताना, कोणी बुटाची नाडी बांधताना, कोणी नुसतेच बसलेले. त्यांना नेम धरता यावा म्हणून धाकटी आधी थोरलीला खुर्चीवर बसवते, मग त्यांना बसवते आणि मला त्यांच्या हातात देते. आणि नियम कडक. दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. आजोबा बाकावर बसून सूचना करतात आणि कोणी ऐकले नाही तर कुरकुरतात. आई म्हणते, एवढी गर्दी तिने कधी पाहिली नव्हती.

आता मी खणात नसतो. काम झाले की धाकटी मला ओल्या फडक्याने पुसते, अंगाला थोडी पावडर चोळते, नळीचा सैल वेढा करून सावलीत खुंटीला टांगते आणि जाता येता एकदा दाबून जाते. एवढ्यावर मी पुन्हा मऊ झालो आहे. माझ्यासारख्यांना फार काही लागत नाही, मित्रांनो. उन्हात टाकू नका, घट्ट गुंडाळू नका, आणि हात लावायला विसरू नका. तुमच्याही घरात एखाद्या खणात असे काहीतरी पडलेले असेल. ते गेले असे म्हणण्याआधी एकदा पाण्यात धरून बघा, बुडबुडे कुठून येतात ते. ठिगळाची लाज वाटू देऊ नका. मला तर माझ्या ठिगळाचा अभिमान आहे.

आणि तुम्हाला कोणी सांगितले, की तुम्ही अगदी ताईसारखे दिसता, दादासारखे दिसता, किंवा वर्गातल्या इतर सगळ्यांसारखेच दिसता, तर त्यांच्याशी भांडू नका. या इथे, बसा खुर्चीवर, धरा मला दोन्ही हातांनी, आणि दाबा जीव लावून. गोड हसायची गरज नाही. उरलेले आपण दोघे बघून घेऊ.

पण आता मला रजा द्या. खुर्चीवर नाकाला खरचटलेला एक नवा गडी येऊन बसला आहे, आणि धाकटी मला खुंटीवरून काढते आहे.